कबड्डीचे वजनी सामने (ग्रामीण विदर्भ)

विदर्भातल्या खेड्यांत दिवाळीनंतर होळीपर्यंत भरणारी, खेळाडूच्या वजनावर मर्यादा असलेली बाद पद्धतीची कबड्डी स्पर्धा. सोयाबीन निघालेले असते, पूर्वेकडे धान कापून झालेला असतो. कापसाचा वेचा मात्र सुरूच असतो, म्हणून सामने संध्याकाळी लागतात आणि रात्रभर चालतात. भंडारा-गोंदियाकडे मंडईला (दिवाळीनंतरच्या गावजत्रेला) जोडूनही ते घेतले जातात. आयोजन गावच्या क्रीडा मंडळाचे, बक्षिसे गावातल्या व तालुक्यातल्या देणगीदारांची, आणि रकमेच्या शेवटी बहुधा एक.

इतिहास

कबड्डीचे नियम लिहून काढण्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात पुणे-बडोद्याकडे झाले. संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार तेव्हा खेळले जात. बाद झालेला गडी परत उठतो तो संजीवनी प्रकार पुढे टिकला. या इतिहासात विदर्भाची ठळक नोंद १९३६ ची आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या (स्थापना १९१४) पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत खेळाला पदकाचा दर्जा मिळाला. २०१४ पासून प्रो कबड्डी घराघरात दिसू लागली आणि 'सुपर टॅकल', 'डू ऑर डाय' हे शब्द गावच्या भोंग्यावरही आले.

वजन

राष्ट्रीय नियमांतही वजनाची कमाल मर्यादा असते, पण ती वयोगटाला जोडलेली. गावसामन्यांत वयाकडे कुणी फारसे बघत नाही. गट ५५, ६० किंवा ७० किलोचा असतो आणि त्यात सोळा वर्षांचा पोरगा आणि तिशीतला शेतकरी समोरासमोर येतात. साहजिकच स्पर्धेतली अर्धी भांडणे काट्यावर होतात.

काटा मातीवर ठेवला की थोडा कलतो आणि आकडा बदलतो. तो फरशीवर किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ठेवावा. तपासायला ५० किलोची न फोडलेली सिमेंटची गोणी पुरते, कारण ती ५५ च्या गटाला जवळची आहे. किराणा दुकानातले पाच किलोचे वजन ठेवून बघणे निरुपयोगी. वजन अर्ध्या चड्डीवर, अनवाणी घ्यावे. झाले की मनगटावर शिक्का मारावा, नाहीतर हलका भाऊ वजन देतो आणि जड भाऊ खेळतो. ओळखपत्राची झेरॉक्स त्यासाठी अपुरी पडते, कारण तिच्यावरचा फोटो काळाकुट्ट असतो.

वजन केव्हा घ्यायचे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. आदल्या दिवशी घेतले तर ५७ किलोचा गडी स्वेटर घालून धावतो, पाणी तोडतो आणि दोन किलो उतरवतो. म्हणजे शरीराच्या वजनाचे तीन टक्क्यांहून जास्त पाणी गेले. काट्यावर तो बसतो, पण दुसऱ्या डावात पोटरीत गोळे येतात आणि चढाईत दम तुटतो. पहिल्या सामन्याच्या तासभर आधी वजन घेतले की हा खटाटोप बराच कमी होतो. स्पर्धा दोन दिवस चालणार असेल तर उपांत्यपूर्व फेरीआधी एक किलो सूट देऊन पुन्हा काटा लावावा. सूट पहिल्याच दिवशी जाहीर केली नाही तर ती कुणासाठी तरी दिली, असाच अर्थ निघतो.

मैदान

पुरुषांसाठी १३ × १० मीटर, महिलांसाठी १२ × ८ मीटर. दोन्ही बाजूंना एकेक मीटरची राखीव पट्टी यातच येते. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाई वैध ठरायला ओलांडायची) ३.७५ मीटरवर आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा (जादा गुणाची). गावात सर्वाधिक चुकते ती निदान रेषाच, कारण मोजणी पावलांनी होते.

विदर्भाची काळी माती या खेळाला वाईट. वाळली की भेगा पडतात आणि ढेकूळ दगडासारखे होते. ओली झाली की तळव्याला चिकटते. म्हणून वीतभर खोल वखरून, खडे वेचून, वर चाळलेली तांबडी माती व थोडी रेती पसरतात, पाणी मारून रूळ फिरवतात. मुरमाच्या बरड जागेवर गुडघे सोलतात, तिथे मातीचा थर जाड लागतो. रेषांना फक्की मारावी, कळीचा चुना नको. पकडीत तोंड खाली जाते आणि चुना डोळा जाळतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री दव पडून वरची माती निसरडी होते. जेवणाच्या सुट्टीत ताडपत्री टाकणे आणि नंतर कोरडी माती भुरभुरणे, एवढाच उपाय आहे. प्रेक्षकांसाठी बांबूचा कठडा करतात तो रेषेपासून किमान तीन-चार मीटर दूर हवा. घोटा धरलेला गडी रेषेबाहेर ढकलला जातो तेव्हा तो थांबत नाही, आणि काटेरी तार तर मुळीच चालणार नाही.

सामने

बाद पद्धतीत जितके संघ, त्याहून एक सामना कमी. २७ संघ आले तर २६ सामने आणि पहिल्या फेरीत पाच संघांना बाय, म्हणजे न खेळता पुढची फेरी. नियमाप्रमाणे पुरुषांचे डाव २०-२० मिनिटांचे, मध्ये पाच मिनिटे. तसे खेळवले तर एका मैदानावर उजाडूनही संपत नाही, म्हणून अंतिम सामन्याखेरीज डाव दहा-दहाचे करतात. तरी थांबे धरून अर्धा तास जातो, म्हणजे २६ सामन्यांना तेरा तास. हे गणित न करता येतील तेवढ्या प्रवेशिका घेतल्या की अंतिम सामना पहाटे रिकाम्या खुर्च्यांसमोर होतो.

भोंग्यावरून 'ही पकड झाली तर शंभर रुपये' असे पुकारणे हा खास गावचा प्रकार. खेळाला रंग चढतो खरा, पण आघाडीवर असलेला संघही उगाच अंगावर जातो आणि लोण (सगळा संघ बाद होणे) ओढवून घेतो, ज्याचे दोन गुण समोरच्याला मिळतात. बरोबरी झाल्यास पाच-पाच चढाया द्याव्यात, प्रत्येक वेळी वेगळा चढाईपटू. यात बाद होणे किंवा उठणे नसते, आणि निदान रेषाच बोनस रेषा धरतात. त्यानंतरही गुण सारखे राहिले तर सुवर्ण चढाई, म्हणजे निकालासाठीची जादा चढाई. नाणे उडवून निकाल लावणारी मंडळे अजून आहेत. त्यांच्याकडे पुढच्या वर्षी संघ कमी येतात.