कला अकादमीचा वाद कुठून आला?

साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय (१९६३), नवी मुंबईची आखणी, भोपाळचे भारत भवन (१९८२) आणि विधान भवन, जयपूरचे जवाहर कला केंद्र, पुण्याची आयुका ही खगोलविज्ञान संस्था. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांच्या सार्वजनिक कामांची ही यादी जाणकारांना नवी नाही. भोपाळच्या विधान भवनाचे काम १९८० पासून पुढची सोळा वर्षे रेंगाळले, पण त्यालाच १९९८ साली आगाखान पुरस्कार मिळाला. नूतनीकरणावरून वाद पेटला तो मात्र त्यांच्या गोव्यातल्या इमारतीचा.

पणजीत कांपाल भागातली ही कला अकादमी सत्तरच्या दशकात आकाराला येऊन १९८३ च्या सुमारास पूर्ण झाली. इमारत बसकी आहे. रस्त्याकडून आत शिरले की पर्गोलाखालून (उघड्या तुळयांच्या मांडवाखालून) चालत थेट मांडवी नदीच्या काठावर पोचता येते, हातात नाटकाचे तिकीट असो वा नसो. आतल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिर या नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी जुन्या नाट्यगृहातले प्रेक्षक रंगवले, त्यामुळे प्रयोगाला गर्दी नसली तरी नटाला घर भरलेलेच दिसायचे! मराठी नाट्यस्पर्धांनी दोन पिढ्या इथेच घडवल्या.

खारा वारा आणि गोव्याचा पाऊस यांच्यापुढे काँक्रीट झिजणारच, त्यामुळे दुरुस्ती हवी यावर कुणाचे दुमत नव्हते. २०१९ मध्ये खुला रंगमंच पाडण्याची भाषा सुरू झाली तेव्हा विरोध उसळला. मूळ रचनाकार कोरिया २०१५ मध्येच गेले होते, बाजू मांडायला त्यांच्या कामाचा वारसा जपणारे उरले. पाडापाडी टळली आणि २०२१ मध्ये नूतनीकरणासाठी दारे बंद झाली.

खरी ठिणगी पडली ती कंत्राटावरून. सुमारे ४९ कोटींचे काम निविदा न मागवता थेट सोपवले गेले. त्यावर गोवा विधानसभेत तत्कालीन कला व संस्कृती मंत्री गोविंद गावडे यांच्याकडून मिळालेले उत्तर गोव्यात अजून कुणी विसरलेले नाही: ताजमहालही निविदा न काढताच बांधला होता. काम खास स्वरूपाचे आहे, सर्वांत कमी दर भरणाऱ्याला ते देऊन चालणार नाही, हा युक्तिवाद एरवी ऐकून घेण्याजोगा आहे. अशा इमारतीला जाणता हातच हवा. पण मग तो हात कोणी, कोणत्या कसोटीवर निवडला, हे आधी लोकांसमोर यायला हवे होते. तेवढे झाले असते तर ताजमहालाची साक्ष काढायची वेळ आली नसती.

१७ जुलै २०२३ च्या पहाटे खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. तो भाग जुनाच होता, नव्या कामात नव्हता, असा खुलासा झाला. चौकशी तज्ज्ञ संस्थेकडे गेली आणि त्याच नोव्हेंबरात अकादमी पुन्हा उघडली. त्यानंतर ध्वनी, प्रकाशयोजना आणि गळती यांच्या तक्रारी थेट कलाकारांकडून येऊ लागल्या, आणि उणिवा तपासायला रंगकर्मींना घेऊन कृतिदल नेमावे लागले.