वजन उतरलं, पण नेमकं काय उतरलं?

‘रात्रीचं जेवण सोडा, व्यायामाची गरजच नाही’ हा सल्ला पुण्यात वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. कमी खाल्लं की काटा खाली येतो, पण उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. स्नायू घटले की बसल्या जागी शरीर कमी ऊर्जा खर्चतं. मग जेवण पूर्ववत झालं की वजन परततं, आणि त्यात चरबीच जास्त असते. चाळिशीपुढच्या बायकांची मला जास्त काळजी वाटते; पुढे हाडंही विरळ होऊ लागतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा. तळजाई टेकडीवर भरभर चालणं पहिल्यात मोडतं. पर्वतीच्या पायऱ्या मांड्यांना कामाला लावतात. चढवत नसेल, तर घरी खुर्चीवरून उठबस करा.