उधाण की भांग? गणपतीपुळ्याच्या पुढे किनाऱ्याने चालताना

कोल्हापूरहून आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला येणाऱ्या आमच्या पदयात्रेत एक खूळ शिरलं आहे. दर्शन झालं, डोंगराची प्रदक्षिणा झाली, की एसटी पकडायची नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी, पावस, आडिवरे, विजयदुर्ग करत देवगडच्या कुणकेश्वरापर्यंत जायचं आणि महाशिवरात्र तिथेच गाठायची. मी रत्नागिरीचा, त्यामुळे टप्पे आखायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. घाट चढून-उतरून पाय तयार झालेली ही मंडळी, पण पाण्याचा विषय निघाला की उधाण आणि भांग या दोन शब्दांशी त्यांची गाडी अडते.

पहिल्या बैठकीत मी म्हटलं, ‘अष्टमीला भांग आहे,’ तर आमचे एक अण्णा म्हणाले, ‘महाशिवरात्रीची वाट म्हटल्यावर भांग असणारच की!’ सगळे हसले. गंमत अशी की महाशिवरात्रीला प्यायची भांग असेल, पण समुद्राचा भांग नसतो. त्या दिवशी उधाण लागलेलं असतं.

गोष्ट साधी आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत येतात आणि सूर्य-चंद्राची पाण्यावरची ओढ एकत्र होते, भरती-ओहोटी मोठी होते. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र काटकोनात असतात. सूर्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमीच, पण तेवढीही चंद्राच्या कामात खोडा घालायला पुरते आणि भरती-ओहोटी लहान होते. तो भांग. समुद्र जरा आळशी असल्यामुळे खरं मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येला नाही, तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी दिसतं, आणि भांगही तसाच नवमी-दशमीकडे सरकतो.

लोक इथेच चुकतात. उधाण म्हटलं की त्यांना फक्त चढलेलं पाणी दिसतं. पण उधाणाला भरती जितकी मोठी, तितकीच सुकती, म्हणजे ओहोटीही मोठी. पाणी सुरूच्या झाडांपर्यंत येतं आणि सहा तासांनी इतकं मागे जातं की एरवी न दिसणारे कातळ उघडे पडतात. भांगात पाणी वर फार चढत नाही आणि मागेही फार सरत नाही, पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, मधेच कुठेतरी रेंगाळतं. चालणाऱ्याला हवी असते ती ओली, घट्ट वाळू, आणि भांग ती देतच नाही. वर कोरडी भुसभुशीत वाळू आणि खाली पाणी, मधे हातभर पट्टा.

आम्ही हे अनुभवाने शिकलो. पहिल्या वर्षी मी स्वतःच ‘भांगात समुद्र शांत असतो, बरं पडेल’ असं म्हणून गावखडीचा टप्पा वद्य अष्टमीला धरला होता. पावसहून निघून आरामात पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. सुरूच्या बनाच्या सावलीतून खाली उतरलो, आणि दर पावलाला टाच आत. घट्ट वाळूचा पट्टा दोन माणसं शेजारी चालतील इतकाही नव्हता. मागच्या माणसाला पुढच्याच्या पाऊलखुणेत पाय टाकावा लागत होता, आणि ती खूण तेवढ्यात पाण्याने भरत होती. ज्यांनी चपला हातात घेतल्या होत्या त्यांनी पाच मिनिटांत परत घातल्या. कालवं काढून परतणाऱ्या एका मावशींनी आमच्याकडे बघून विचारलं, ‘भांगात काय उतरलाव पुळनीत? पानी सरतंय कुठं?’ मी खाली मान घातली. रत्नागिरीकराने हे ऐकून घ्यायचं म्हणजे जरा जास्तच.

मावशींना जे तोंडपाठ होतं ते कोकणातल्या जुन्या माणसांना कागदाशिवाय येतं: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. सुमारे सहा तासांनी, सव्वानऊच्या आसपास, पूर्ण सुकती. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हा ठोकताळा मुंबईच्या पाण्याचा आहे. रत्नागिरी, देवगडकडे भरती मुंबईच्या थोडी आधी लागते आणि पाण्याची चढ-उतारही दक्षिणेकडे कमी होत जाते. तरी टप्पा आखायला तो पुरतो. नेमकी वेळ बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी.

आता याच पाऊणपटीने भांग आणि उधाण शेजारी ठेवा. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे सुकती सव्वाबाराला. भांगाची सुकती आपल्या किनाऱ्यावर भर दुपारी किंवा मध्यरात्रीच येते, आणि हे दर महिन्याला दोनदा असंच. रात्रीची सुकती साधू म्हणाल, तर माघ-फाल्गुन हा कासवांचा हंगाम. गावखडी, वेत्ये या पुळणींवर ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, तिथे बॅटऱ्या पाजळत पंधरा माणसांनी जाऊ नये. उलट द्वितीयेला भरती दीडला, सुकती पावणेआठला. सुकतीच्या आधीचे-नंतरचे दीड-दोन तास धरले तर सव्वासहा ते साडेनऊ घट्ट वाळू, कोवळं ऊन आणि मागे सरलेला समुद्र. पौर्णिमा-अमावास्येपासून पंचमीपर्यंत सकाळ तुमची. एकादशीपासून पुढे सुकती दुपारकडून संध्याकाळकडे सरकते, चतुर्दशीला ती पावणेपाचला असते.

मग उधाणच बरं का? वाळूसाठी हो, पण ते घड्याळ मागतं. सुकतीनंतर पहिल्या तासात पाणी इतकं हळू येतं की माणूस फसतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते धावतं, कारण सहा तासांत चढणाऱ्या पाण्यातलं निम्मं त्या दोन तासांत येतं. आमच्याकडच्या प्रत्येक पुळणीला कुठे ना कुठे पऱ्या, म्हणजे ओढा, येऊन मिळतो. सकाळी आठला घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला पऱ्या उधाणाच्या दुपारी बाराला छातीपर्यंत भरतो आणि ओढही लागते. भांगात तोच पऱ्या दिवसभर थोडाफार सारखाच राहतो. तुम्ही उशिरा पोहोचलात म्हणून भांग फारसा रागावत नाही. एवढा एक गुण त्याचा. मोठ्या खाड्यांचा प्रश्न नाही. भाट्ये, पूर्णगड, तारामुंबरी, सगळीकडे पूल आहेत. कड्याखालचे कातळ मात्र दोन्हीत वर्ज्य, तिथे निमूटपणे सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, चढून रस्त्याने जायचं. तसाही हा प्रवास बराचसा सड्यावरचा आणि डांबरावरचाच आहे, सलग वाळू कोकणात नाहीच.

आणखी एक घोळ वर्तमानपत्रांनी करून ठेवला आहे. वादळी वाऱ्याने लाटा उसळल्या तरी मथळा ‘समुद्राला उधाण’. ते खवळणं वेगळं. ते वाऱ्याचं आणि दूरवरून येणाऱ्या लाटांचं काम, त्याला तिथीशी देणंघेणं नाही, भांगातही होऊ शकतं. त्यासाठी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्राचा उंच लाटांचा इशारा बघायचा, पंचांग नव्हे. इशारा असेल त्या दिवशी पुळणीत उतरूच नये, सुकती कितीही चांगली असो.

यंदा भांडण तिथीवरूनच झालं. कोल्हापूरकरांना महाशिवरात्र सोडवत नाही, मला पौर्णिमेनंतरच्या सकाळच्या सुकत्या सोडवत नाहीत, आणि दोन्हींत तेरा-चौदा दिवसांचं अंतर. शेवटी असं ठरलं: माघी पौर्णिमेला पुळ्यात पोहोचायचं, भाट्ये आणि गावखडीच्या पुळणी वद्य पंचमीच्या आत सकाळी उरकायच्या आणि आडिवऱ्याला थांबायचं. ज्यांना रजा नाही ते तिथून घरी जाऊन परत येतील. दशमीला पुन्हा निघून विजयदुर्गापर्यंतचा भांग डांबरावर काढायचा. चतुर्दशीला तारामुंबरीचा पूल ओलांडून चार वाजता कुणकेश्वरच्या पुळणीत उतरायचं. जत्रेची गर्दी देवळाकडे असेल आणि पाणी दूर गेलेलं असेल. अण्णांनी तिथल्या भांगेची चौकशी आत्तापासून सुरू केली आहे.