सागरी अपघातांतील मानवी चूक आणि दिशादर्शक उपकरणे

उपकरण चुकीचे वाचणे, त्यावर वाजवीपेक्षा जास्त विसंबणे किंवा त्याने दिलेला इशारा ध्यानात न येणे, यांतून घडणारे जहाजांचे अपघात. टक्कर आणि उथळ पाण्यात रुतणे हे त्यांचे नेहमीचे प्रकार. ठपका बहुधा ब्रिजवरच्या (जहाज चालवण्याच्या कक्षातल्या) अधिकाऱ्यावर येतो. चुकीला वाट मात्र पुष्कळदा उपकरणाच्या मांडणीनेच करून दिलेली असते.

१० जून १९९५ रोजी अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ रुतलेले ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज याचा नमुना होय. बर्म्युडाहून बोस्टनकडे निघाल्यावर थोड्याच वेळात त्याच्या जीपीएस अँटेनाची केबल निसटली. यंत्र बंद पडले नाही. वेग आणि दिशा यांवरून ते अंदाजाने स्थान काढू लागले. पडद्यावर तशी बारीक अक्षरे उमटली, सेकंदभर बीप वाजला, आणि स्वयंचलित सुकाणूने तो अंदाज खरा मानला. सुमारे ३४ तास वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला रेटत होते, पडद्यावर ते मार्गावरच होते. लोरान-सी हे किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रांवरून स्थान काढणारे दुसरे यंत्र खरे स्थान दाखवत होते, पण दोन्ही कुणी ताडून पाहिली नाहीत. रडारवर दिसलेला बोया (पाण्यावर तरंगती खूण) आपल्या मार्गावरचाच, असे अधिकारी धरून चालले. पुढे पाणी निळे-पांढरे दिसते आहे असे टेहळणीवरच्या खलाशाने सांगितले, तरी दिशा बदलली नाही. खोलीमापकाचा इशारा तर शून्य मीटरवर ठेवलेला होता, म्हणजे तळ लागल्यावरच वाजणार! जहाज रुतले तेव्हा मार्गापासून सुमारे १७ मैल दूर होते. दीड हजारांवर माणसे होती, इजा कुणालाच झाली नाही.

रडारची गोष्ट वेगळी नाही. २५ जुलै १९५६ च्या रात्री ‘आंद्रेआ डोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ या प्रवासी जहाजांनी एकमेकांना रडारवर पाहिले होते, तरी टक्कर होऊन ५१ जण दगावले. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत रडारच्या अपुऱ्या माहितीवर अंदाज बांधू नयेत आणि डोळ्याकानांनीही टेहळणी ठेवावी, असे स्पष्ट सांगितले आहे.

बडोदेकरांना समुद्र लांबचा वाटतो, पण ओखामंडळ गायकवाडी मुलखातच होते आणि १९२६ मध्ये ओखा बंदर त्याच राजवटीत सुरू झाले. शहराला जवळचे म्हणजे खंभातचे आखात. तिथे भरती-ओहोटीतला फरक भावनगरकडे १० मीटरच्या घरात जातो. (पलीकडे अलंगला याच भरतीवर जुनी जहाजे मोडण्यासाठी मुद्दाम किनाऱ्यावर चढवतात.) महीचा आणि नर्मदेचा गाळ सतत सरकत असतो. २०१७ मध्ये सुरू झालेली घोघा–दहेज फेरीबोट सेवा दहेजकडे गाळ साचून पुरेशी खोली न राहिल्याने २०२० मध्ये हजिऱ्याला न्यावी लागली. इलेक्ट्रॉनिक नकाशातला खोलीचा आकडाही शेवटच्या मोजणीच्या दिवसाचाच असतो. म्हणून अशा पाण्यात त्या मोजणीची तारीख बघून आकडा खोलीमापकाशी ताडावा लागतो.