वाय-फाय गेलंय की नेट गेलंय?

आमच्या रत्नागिरीकडे पाऊस लागला की मला हमखास फोन येतात. "वाय-फायची रेंज फुल आहे, पण काहीच उघडत नाहीये. लॅपटॉप बिघडला का रे?"

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. लॅपटॉपपासून राउटरपर्यंतची वाट म्हणजे वाय-फाय. राउटरच्या पुढे, बाहेरच्या जगात जाणारी वाट म्हणजे नेट. पहिली वाट आपल्या दारची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट समजा, आणि दुसरी कोल्हापूरकडे जाणारा आंबा घाट. घाटात दरड कोसळली असेल तर पाखाडी कितीही झाडली तरी कोल्हापूर गाठता येत नाही. रेंज फुल याचा अर्थ पाखाडी मोकळी आहे, एवढाच.

म्हणून आधी मोबाइल त्याच वाय-फायला जोडून बघा, पण मोबाइलचा डेटा बंद करून. तो चालू राहिला की मोबाइल गुपचूप त्यावर चालतो आणि दोष लॅपटॉपच्या माथी येतो.

मोबाइलवरही काही उघडलं नाही तर घाट बंद आहे. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल दिसतोय का? मग बाहेरून केबलमधून प्रकाशच येत नाहीये. आपल्याकडे ही केबल खांबाखांबावरून, माडांखालून येते. वाऱ्यात एखादी झावळ पडली तरी तुटते. कंपनीला कळवा आणि थांबा. राउटर बंद करून पुन्हा चालू करायला हरकत नाही, पण त्याच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट अजिबात करू नका. त्यात कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जाऊ शकतं, आणि केबल जोडल्यावरही नेट येत नाही. लोकांचे दोन-दोन दिवस यात फुकट जाताना पाहिलेत, म्हणून कळकळीने सांगतोय.

मोबाइल चालतो, लॅपटॉप नाही? मग पाखाडी बघा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघडा. आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा नंबर, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर वर 'कनेक्टेड' दिसत असूनही राउटरकडून लॅपटॉपला पत्ता मिळालेला नाही. ते नेटवर्क 'फर्गेट' करून पासवर्ड नव्याने टाका. पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा असेल, राउटरच्या पाठीवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून त्याचं पान उघडत असेल, तर वाट ठीक आहे. व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) किंवा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) तपासा.

राहिली रेंज. चिऱ्याच्या जाड भिंती, त्यात पावसाळ्यातली ओल. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वेगवान असतं, पण अशा दोन भिंतींत ढेपाळतं, २.४ गिगाहर्ट्झ सावकाश, पण आतपर्यंत पोचतं. माजघरात बसून काम करायचं तर २.४ ला जोडा. तरी शंका असेल तर लॅपटॉप उचलून ओटीवर राउटरशेजारी बसा. तिथे चालला तर तो ठणठणीत आहे, दुरुस्तीला नेऊ नका.