ती ‘नुसती धमकी’ नसते

“बायका आत्महत्येची नुसती धमकी देतात, खरं करतात ते पुरुष,” हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे, आणि जीवघेणंही. जगभरात आत्महत्येने मरणाऱ्यांत पुरुष बायकांच्या जवळपास दुप्पट, हे खरं. पण बहुतेक देशांत प्रयत्न बायकांकडून जास्त होतात, आणि आधी झालेला प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सर्वांत ठळक इशारा असतो. त्याला नाटक कसं म्हणायचं?

पुरुषांचं दुःख अनेकदा रडण्यातून दिसतच नाही. चिडचिड, वाढलेली दारू, “काही नाही, दमलोय” एवढंच. म्हणून थेट विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, तर एकटं सोडू नका. डॉक्टरांकडे सोबत जा.