खोबरेल गोठतं, करडई नाही: खोल समुद्रातले बॅक्टेरिया अन् थंडी

आपण मराठवाड्यातले, समुद्र बघायचा म्हणलं तर रात्रभराचा प्रवास. पण हा विषय कळायला परभणीची थंडी पुरते. डिसेंबरात सकाळी खोबरेलाची बाटली पार दगड होते अन् शेजारचं करडईचं तेल तसंच पातळ, कारण करडईत असंतृप्त फॅट जास्त. बॅक्टेरियाच्या अंगाभोवतीचा पडदाही फॅटचाच, थंडीत तो आखडला की आतबाहेर काही जाईना, मग ते असंतृप्त फॅट वाढवतात. खोबरेलाची करडई करतात म्हणा ना.

पण खोल पाण्यात थंडी एकटी नसते, हे कळलं एका बुडालेल्या डब्यामुळं. 1968 ला अमेरिकेची आल्विन पाणबुडी बुडाली, माणसं वाचली पण जेवण आतच राहिलं. दहाएक महिन्यांनी 1540 मीटरवरून वर काढली तर सँडविच भिजलेले पण चांगले, सफरचंदं शाबूत! अन् तेच नंतर फ्रिजमध्ये 3 अंशाला ठेवलं तर काही आठवड्यांत नासलं. म्हणजे नुसत्या गारव्याचं काम नव्हतं, दाबाचाही हात होता. पुढं 1979 ला यायानोस या शास्त्रज्ञानं दाबातच जोमानं वाढणारा बॅक्टेरिया दाखवला. गंमत म्हणजे दाबानंही पडदा आखडतोच, त्यामुळं दोन्हीवर इलाज बराचसा एकच.

थंडीत कोणते जीन चालू होतात, हे कोडं मात्र जमिनीवर सुटलं, आपल्या आतड्यातल्या ई. कोलायमध्ये. 1987 ला दिसलं की 37 वरून एकदम 10 अंशाला नेलं तर त्याची वाढ थांबते पण ठराविक प्रोटीनं भराभर बनतात. त्यातलं मुख्य प्रोटीन सीएसपीए, 1990 ला कळलेलं. थंडीत आरएनए (जीनची नक्कल, जी वाचून प्रोटीन बनतं) स्वतःवरच दुमडून त्याला सुतळीसारख्या गाठी पडतात, हे प्रोटीन त्या सोडवतं. अन् त्याचा स्वतःचा आरएनए थंडीत वेगळा दुमडतो, म्हणून तो तेव्हाच नीट वाचला जातो, वेगळा थर्मामीटर लागतच नाही (मला तर हे सगळ्यात भारी वाटतं).

फिलिपिन्सजवळच्या सुलू समुद्रातल्या एसएस9 नावाच्या बॅक्टेरियात 1989 ला दाबावर चालणारा जीन सापडला, अन् त्याला चालू-बंद करणारं बटण निघालं टॉक्सआर नावाचं प्रोटीन, जे आधी कॉलऱ्याच्या जिवाणूत माहीत होतं. नवीन यंत्र नाहीच, जुनंच वापरलंय.

पॅसिफिकच्या 1914 मीटर खालच्या गाळातल्या डब्ल्यूपी3 या बॅक्टेरियाला तर पोहायला दोन तऱ्हेच्या शेपट्या. बाजूच्या शेपट्यांचे जीन 4 अंशाला जोरात चालतात, दाब वाढला की मंदावतात. त्याच्या आत एक व्हायरसही राहतो, तोही थंडीतच जागा होतो.